हेक्टरची काठी

आमच्या खोऱ्यात कोणी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायला लागलं, की समोरचा म्हणायचा, "झाली का हेक्टरची काठी?" पाद्री प्रवचनात एक पान गाळून पुढे गेले, तरी मागच्या बाकांवर हेच कुजबुजलं जायचं. पन्नास वर्षं हे चाललं होतं. हेक्टर गेडिस कोण होता ते निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, पण त्याची काठी सगळ्यांच्या तोंडी होती. आणि ती लोकांच्या तोंडी दिली होती खुद्द हेक्टरच्या मुलीनं. तिचं नाव विल्यमिना. एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला सवड असते, म्हणून सगळे तिला मिना म्हणत.

मिना गेडिस आर्डवेन गावची विणकरीण. एकाहत्तर वर्षांची, सडसडीत, कोपरापर्यंत बाह्या वर सारलेली. भांग अगदी मधोमध. खिडकीत दोन मेणबत्त्या, शेल्फवर दोन बरण्या, दाराच्या दोन्ही अंगांना एकेक कुंडी. एका कुंडीतलं फूल वाऱ्यानं मोडलं तर बाई दुसऱ्या कुंडीतलं धडधाकट फूल खुडून टाकायची, म्हणजे दोन्हीकडे सारखं. तिच्याकडे चहाला गेलात आणि बशीतली तीन बिस्किटं दिसली, की एक तुम्हाला, एक तिला, आणि तिसऱ्याचे दोन सारखे तुकडे. ही खोड तिला माग चालवून लागली, की ही खोड होती म्हणून ती मागावर बसली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

कारण टार्टनचं, म्हणजे आमच्याकडचं चौकड्यांचं लोकरी कापडच तसं असतं. रंगांची एक रांग एका टोकापासून निघते, दुसऱ्या टोकाला पोचते आणि तिथून उलट पावली परत येते. हिरवा, काळा, निळा, तांबडा. मग तांबड्यावरून वळून निळा, काळा, हिरवा. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांत जी रांग, तीच बाण्याच्या आडव्या दोऱ्यांत, म्हणून चौकडे जमतात. आमचे जुने विणकर हे कागदावर लिहीत नसत. हातभर लांबीच्या चपट्या काठीवर रंगीत सुताचे वेढे घेत, जितके दोरे तितके वेढे, आणि काठीच्या टोकाला सुरीनं खाच पाडत. खाच म्हणजे इथून वळ. काठीवर निम्मंच कापड असतं. उरलेलं निम्मं, काठी उलटी वाचत यायचं. हेक्टरच्या अशा एकतीस काठ्या मिनाच्या मागाशेजारी खिळ्यांवर टांगलेल्या होत्या.

एकतिसावी काठी हीच ती प्रसिद्ध काठी. मिना वीस वर्षांची असताना दक्षिणेत एका गिरणीत कामाला होती. फेब्रुवारीत बाप गेल्याची तार आली आणि ती घरी आली. मागाखाली एक नवी काठी पडली होती. हिरवा, मग पिवळ्याची रेघ, मग निळा, मग पांढऱ्याची रेघ, मग तांबडा. वेढे नेहमीसारखे घट्ट आणि नीटनेटके. पण दोन्ही टोकं कोरी, खाच नव्हती. शेजारीण म्हणाली की म्हाताऱ्यानं परवा चहात मीठ घातलं होतं. मिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा शेवटी शेवटी विसरायला लागले होते, असं तिच्या मनानं घेतलं. बापाचीच सुरी घेऊन तिनं दोन्ही टोकांना खाचा पाडल्या आणि काठी खिळ्याला लावली. नंतर मयताच्या जेवणाला जमलेल्या माणसांना तिनं गहिवरून सांगितलं, "बिचारे बाबा. खाच पाडायची विसरले. मी पाडली."

तिनं सांगितलं ते मायेनं. पण गावाच्या लक्षात माया राहत नाही, गंमत राहते. दोन वर्षांत हेक्टरची काठी पार जत्रेपर्यंत पोचली. सुरुवातीला मिनाला वाईट वाटायचं. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तीही हसायला लागली.

रस्त्याच्या पलीकडे टॉर्क्विल रेनीचं शिलाईचं दुकान. तो किल्ट शिवायचा, पुरुषांनी नेसायचे चौकड्यांचे चुणीदार घागरे. सेहेचाळीस वर्षं मिनानं विणायचं आणि त्यानं कापायचं, असा दोघांचा धंदा चालला होता, आणि सेहेचाळीस वर्षं भांडणही. कापड हातात पडल्यावर तासाभरात तो रस्ता ओलांडून यायचा, कुठेतरी एक दोरा सैल आहे म्हणून. मिना म्हणायची, दोरा सैल नाही, तुझी नजर सैल आहे. मग चहा व्हायचा. टॉर्क्विलची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मिनानं लग्नच केलं नव्हतं, आणि या दोघांचं काही आहे का याची चर्चा करून करून गाव थकलं होतं. काही नव्हतं. भांडायला हक्काचं माणूस होतं, इतकंच, आणि ते काही थोडं नव्हे.

सहाशेंच्या वर पुरुषांना किल्ट शिवून देणारा हा माणूस स्वतः जन्मभर जाड कॉर्डरॉयच्या विजारीत वावरला. स्वतःसाठी शिवायला वेळच झाला नाही, असं तो सांगायचा. आता वेळ होता, पण हात राहिले नव्हते. दोन हिवाळ्यांपासून त्याची बोटं थरथरायला लागली होती. इन्व्हरनेसच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार. सकाळी दोन-तीन तास हात बरे चालायचे, नंतर सुईत दोरा ओवतानासुद्धा घाम फुटायचा.

जूनमध्ये एके सकाळी तो रस्ता ओलांडून आला, तेव्हा त्याच्या हातात चहाच्या किटलीवर घालायची टोपी होती. जुनी, चहाचे डाग पडलेली, चौकड्यांची.

"चहा हवा तर सरळ माग की. टोपी घेऊन कशाला आलास?" मिना म्हणाली.

"किल्ट शिवायचाय."

"कोणाला?"

"मला."

मिनानं धोटा खाली ठेवला. मग त्यानं सगळं सांगितलं. त्याची मुलगी ऊना, आमच्या खोऱ्याची नर्स, वयाच्या चाळिसाव्या वर्षी टपालाची गाडी चालवणाऱ्या एका विधुराशी लग्न करत होती. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. मुलीला चर्चमध्ये नेताना त्याला किल्ट घालायचा होता, आणि तोही आजोळच्या चौकड्यांचा. आजीची एक मोठी शाल होती. ती झिजली तेव्हा आईनं तिची उशी केली, उशी झिजली तेव्हा किटलीची टोपी. आता तेवढीच उरली होती.

"एकच होईल माझ्या हातून," तो म्हणाला. "त्यानंतर सुई ठेवून देणार. म्हणून नीट विण."

आपण कधी नीट विणलं नाही असं याला म्हणायचंय की काय, अशा नजरेनं मिनानं त्याच्याकडे पाहिलं. मग टोपीकडे पाहिलं आणि चमकली. विटलेला हिरवा, पिवळी रेघ, निळा, पांढरी रेघ, तांबडा. हे रंग तिला पाठ होते. ती उठली आणि खिळ्यावरची एकतिसावी काठी काढून तिनं त्याच्यापुढे धरली.

"हेक्टरची काठी?" टॉर्क्विल म्हणाला.

"तीच. तुझ्या आजीच्या शालीचीच असणार. ने ती टोपी परत, तुझी किटली गार होईल. मला दोरे मोजायची गरज नाही."

इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण ते तेव्हा दोघांनाही कळलं नाही. टोपीच्या एका अंगावर हिरव्यापासून तांबड्यापर्यंत एकच रांग मावत होती, कारण शालीचे चौकडे मोठे असतात. तांबड्यानंतर काय, ते शिवणीच्या आत गेलं होतं. मिनानं टोपी उलटी करून पाहिली असती तर ही गोष्ट दोन मिनिटांत संपली असती. पण बापाच्या काठीवर तिचा विश्वास होता, आणि स्वतः पाडलेल्या खाचांवर त्याहून जास्त.

किल्टसाठी तिनं दोरे हिशेबानं निम्मे केले. लोकर रंगवून आणली, ताणा लावला आणि जुलैभर विणलं. हिरव्यापासून तांबड्यापर्यंत जायचं, खाचेवर वळायचं, तांबड्यापासून हिरव्यापर्यंत यायचं. आठ यार्ड झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला तिनं घडी करून कापड त्याच्या टेबलावर ठेवलं. उत्तम उतरलं होतं. तिला स्वतःलाच इतकं आवडलं, की दुकानातून निघताना दारात थांबून तिनं ते पुन्हा एकदा पाहून घेतलं.

तासाभरात टॉर्क्विल तक्रार घेऊन येईल म्हणून तिनं चहाचं आधण ठेवलं. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मिना स्वतःच गेली. कापड टेबलावर पसरलेलं होतं, त्यावर खडूच्या खुणा होत्या, काही पुसून पुन्हा केलेल्या. टॉर्क्विल हात मांडीवर ठेवून बसला होता.

चुण्या बसत नाहीत, असं तो म्हणाला. किल्टच्या मागच्या चुण्या अशा घालायच्या असतात, की समोर जसे चौकडे दिसतात तसेच मागेही दिसावेत. त्यासाठी प्रत्येक चुणीत रंगांची एक पूर्ण रांग गिळावी लागते. इथे रांग जाऊन परत येईपर्यंत दहा इंच खात होती. आठ यार्डांत जेमतेम वीस चुण्या होत होत्या, हव्या होत्या पंचवीसच्या वर. "वीस चुण्यांचा किल्ट मी कधी परक्यालाही दिला नाही, मिना. कुठेतरी चुकलंय."

"बाबांची काठी चुकणार नाही."

"विसरणारच ना कधीतरी. तूच तर सांगतेस."

खरं तर तो गमतीनंच म्हणाला. पण तीन दिवस वाट पाहून मिनाचं डोकं तापलेलं होतं. ती म्हणाली, "चुण्या बसत नाहीत, की तुझा हात बसत नाही?"

टॉर्क्विलनं हात मांडीवरून उचलून टेबलाखाली नेले. मिना बाहेर पडली. रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत तिला आपल्या जिभेची लाज वाटायला लागली होती. मागे फिरून माफी मागावी असं मनात आलंही. पण मिना गेडिसनं आजवर मागे फिरणं फक्त मागावर केलं होतं. ती घरी गेली आणि दार लावून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटची लापशी खात होती. टॉर्क्विल दार न वाजवता आत आला. टोपी त्यानं उसवून आणली होती. आईच्या हातची शिवण, बारीक आणि पक्की. टाका टाका करून ती सोडवायला त्याच्या त्या बोटांनी पहाटेपासून किती वेळ घेतला असेल, हे मिनाला न सांगता कळलं. त्यानं लापशीचा वाडगा बाजूला सरकवला आणि कापडाचा तुकडा तिच्यासमोर उलगडून ठेवला.

"तांबड्यानंतर बघ," तो म्हणाला.

शिवणीच्या आतलं कापड उन्हानं विटलं नव्हतं, चहानं डागळलं नव्हतं. तांबडा चांगला रसरशीत होता. आणि त्या तांबड्याला लागून, मध्ये पांढरी रेघ नाही, निळा नाही, काही नाही, थेट हिरवा होता. चार बोटं हिरवा, आणि मग कापडाची किनार.

मिनानं चष्मा आणला. दोरे मोजले. पुन्हा मोजले. रांग वळली नव्हती. तांबड्यावर संपली होती आणि हिरव्यापासून परत नव्यानं सुरू झाली होती. जाणं होतं, येणं नव्हतंच. टार्टनमध्ये असं क्वचित असतं, पण असतं. गिरणीत असताना असे एक-दोन नमुने तिनंही पाहिले होते, आणि नाक मुरडलं होतं.

"कोणातरी नवशिक्यानं विणलंय," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"किनार बघ."

आमच्या खोऱ्यात प्रत्येक विणकर किनारीला आपला एक दोरा घालायचा. सही म्हणा हवं तर. हेक्टरचा दोरा राखाडी, न रंगवलेल्या लोकरीचा, आणि तो फक्त एका किनारीला. मिनाचाही तोच, पण ती दोन्ही किनारींना घालायची. उलगडलेल्या तुकड्याच्या किनारीला एक राखाडी दोरा सरळ उभा होता.

बराच वेळ ती त्या दोऱ्यावर बोट ठेवून बसली. लापशीवर साय धरली.

"हे बाबांनी विणलंय," ती म्हणाली.

"हो."

"ही त्यांची शेवटची काठी. म्हणजे हे त्या हिवाळ्यातलं." ती थांबली. "आख्खी शाल विणली त्यांनी. एक दोरा चुकला नाही."

"नाही चुकला."

खाच नव्हती कारण वळायचं नव्हतं. टोकाला पोचलं की काठी पुन्हा सुरुवातीपासून वाचायची. हेक्टरनं जे काठीवर सांगायचं ते नीट सांगितलं होतं, आणि वाचणाऱ्याला कळेल असा भरवसा ठेवून तो गेला होता. वाचणारीनं सुरी घेतली. वर गावभर सांगत सुटली की माझा बाप विसरभोळा झाला होता. चहात मीठ काय, कोणीही घालतो.

मिनाला रडू आलं. लाजही वाटली, पण लाजेपेक्षा जास्त, तिला बापाची फार आठवण आली. एक्कावन्न वर्षं ती ज्या म्हाताऱ्याची कीव करत होती, तो असा कधी नव्हताच. धडधाकट डोक्याचा, मागावर ताठ बसणारा तिचा बाप शेवटच्या दिवसापर्यंत तसाच होता, आणि त्याला मात्र तिनं पन्नास वर्षं मनातसुद्धा येऊ दिलं नव्हतं.

"वीस वर्षांची होते मी," ती पदराएवढ्या मोठ्या रुमालानं नाक पुसत म्हणाली, "आणि मला सगळं कळत होतं."

"अजूनही कळतंच तुला सगळं. काल नाही का माझ्या हाताचं सांगितलंस."

"ते मी बोलायला नको होतं."

"खरं ते बोललीस. पण चुण्या बसत नव्हत्या, तेही खरंच होतं." टॉर्क्विल खुर्ची ओढून बसला. "आता चहा तरी दे. टोपी नाहीये, लवकर गार होईल."

तुझ्या आजीला असा न वळणारा नमुना कशाला हवा होता, असं मिनानं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. आवडत असेल तिला, असं तो म्हणाला. मिनाला एरवी असलं उत्तर चाललं नसतं. त्या दिवशी चाललं.

लग्नाला सात आठवडे राहिले होते. टॉर्क्विलला शिवायला चार हवेत, कारण हात फक्त सकाळी चालायचे. म्हणजे मिनाकडे तीन. त्याच दुपारी तिनं नवा ताणा लावायला घेतला. कामाला ती कधी भ्यायली नव्हती. पण आता अडचण हातांची होती. साठ वर्षांत जे हात प्रत्येक टोकाला वळले, ते तांबडा संपला की आपोआप पांढऱ्या धोट्याकडे जात. पहिल्याच दिवशी ती दोनदा वळली आणि दोनदा सगळं उसवावं लागलं. मग तिनं एक उपाय केला. तांबडा संपला की मोठ्यानं "पुढे" म्हणायचं. बाहेरून जाणाऱ्यांना दिवसभर ऐकू येई, पुढे, पुढे. एवढ्यानंही भागेना, तेव्हा नजरेला सवय व्हावी म्हणून तिनं दारातली एक कुंडी उचलून परसात नेऊन ठेवली आणि खिडकीतली एक मेणबत्ती कपाटात टाकली. मिना गेडिसच्या दारात एकच कुंडी, ही बातमी संध्याकाळच्या आत खोरंभर झाली. दुसऱ्या दिवशी ऊना पिशवी घेऊन हजर.

"मिनामावशी, सहज आले होते. जरा हात दे, रक्तदाब बघते."

"तुझ्या बापाचा बघ," मावशी म्हणाली. "आणि सरक, उजेड अडतोय. पुढे."

एकोणिसाव्या दिवशी कापड झालं. किनारीला राखाडी दोरा एकाच बाजूला. ती ते टेबलावर ठेवून परत आली, आणि पुरता एक तासही झाला नसेल, टॉर्क्विल रस्ता ओलांडून आला. चौथ्या यार्डात एक दोरा सैल आहे, म्हणाला. मिनाला इतकं बरं वाटलं की ती भांडायचंच विसरली.

लग्नाच्या दिवशी पाऊस होता. टॉर्क्विल ऊनाचा हात धरून चर्चमध्ये चालत गेला तेव्हा मागच्या बाकावरून मिना त्याच्या चुण्या मोजत होती. सत्तावीस. शेवटच्या दोन-तीन चुण्यांचे टाके किंचित वाकडे गेले होते. जाणत्याला दिसले असते, आणि तिथे जाणती ती एकटीच होती. हिरवा, निळा, तांबडा, आणि परत हिरवा. चालताना सगळे रंग एकाच दिशेनं निघाल्यासारखे वाटत होते. वळून बघणारं त्यात काही नव्हतं. हे सुंदर आहे, असं मिनाला मनापासून वाटलं, आणि बापाला ते त्या हिवाळ्यातच कळलं होतं याचा तिला अभिमान वाटला.

जेवण गावच्या हॉलमध्ये. आधीचं आठ यार्ड कापड वाया गेलं नव्हतं, ते केकच्या टेबलावर अंथरलं होतं. जवाचं सूप झालं, कोकराचं मांस झालं, बेदाण्यांचं गोड डम्पलिंग आलं, व्हिस्की फिरली. नवरदेव आभार मानायला उठला. गडी रोज शंभर घरांचं टपाल बिनचूक वाटतो, पण उभा राहिल्यावर त्याला सासऱ्याचं नाव आठवेना. तो तोंड उघडं ठेवून टॉर्क्विलकडे बघत राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, "हेक्टरची काठी!" आणि सगळा हॉल हसला.

मिना उभी राहिली. तिला भाषणाची सवय नव्हती. आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग टॉर्क्विलनं चमच्यानं ग्लास वाजवला.

"हेक्टर गेडिस काही विसरले नव्हते," ती म्हणाली. "काठीला खाच नव्हती, कारण तिथे वळायचंच नव्हतं. मला ते कळलं नाही, म्हणून खाच मी पाडली. कोणाला विचारलं नाही. आणि वर तुम्हाला सांगितलं की बाबा विसरले. तुम्ही पन्नास वर्षं माझ्या बापाला हसताय, ते माझ्यामुळे. मीही हसले."

मिनाला स्वतःची चूक कबूल करताना हॉलमधल्या एकाही माणसानं कधी ऐकलं नव्हतं.

"यापुढे कोणी काही विसरलं, तर दुसरं काहीतरी म्हणा. नाव घ्यायचंच असेल तर माझं घ्या. पण विसरण्यासाठी नको. एखाद्यानं न विचारता दुसऱ्याचं सुधारायला घेतलं, की घ्या."

ती खाली बसली. टॉर्क्विल उठला, खुर्ची मागे सारून हॉलच्या मधोमध आला, सगळ्यांकडे पाठ केली आणि कोटाचं टोक वर धरलं. धरलेला हात थरथरत होता आणि त्यानं तो लपवला नाही.

"हे हेक्टरचं," तो म्हणाला. "नीट बघून घ्या." आणि पहिल्यांदा कोणी टाळी वाजवली कोण जाणे, पण मग सगळ्यांनीच वाजवली.

लोकांची तोंडं एका दिवसात बदलत नाहीत, तेव्हा सुरुवात मिनानं स्वतःच केली. सोमवारी ती दुकानात गेली. तिनं यादीत एक मेणबत्ती लिहिली होती. दुकानदारीण तिला चाळीस वर्षं ओळखत होती. बाईचं लिहिताना चुकलं असेल म्हणून तिनं दोन बांधल्या. मिनानं पुडकं सोडलं, एक परत तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मिनाची खाच पाडलीस की गं." दुकानदारणीला हसावं की नाही कळेना. मिनाच आधी हसली.

टॉर्क्विलनं पुन्हा सुई धरली नाही. काठीच्या खाचा लाकडाचा भुगा भरून बुजवून देतो, असं तो एकदा म्हणाला. मिनानं नको सांगितलं. त्या मी केल्यात, राहू देत, म्हणाली. तिनं त्याच रंगांची एक नवी काठी गुंडाळली, दोन्ही टोकं कोरी ठेवली आणि जुन्या काठीशेजारी टांगली. दोन काठ्या सारख्या नव्हत्या, आणि तिनं त्या तशाच राहू दिल्या.

मिना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आमच्या खोऱ्यात कोणी चष्मा कपाळावर ठेवून शोधायला लागलं, तर आम्ही नुसतं सांगतो की कपाळावर आहे. हेक्टरचं नाव त्यात येत नाही. पण एखादी सून सासूच्या हातचं सूप चाखून न विचारता मीठ घालते, एखादा मास्तर पोराची कविता सुधारून देतो, तेव्हा कोणीतरी हळूच म्हणतं, "मिनाची खाच." ते ऐकल्यावर घातलेलं मीठ काही परत काढता येत नाही. पण पुढच्या वेळी माणूस आधी विचारतो.